पिंपरीचं पेनिसिलिन आणि सातपुड्याचं रक्त

२९ सप्टेंबर २०१० ला देशाचे पंतप्रधान आमच्या नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला आले. देशातलं पहिलं आधार कार्ड त्यांनी तिथं वाटलं. बोटांचे ठसे घेतले, बुबुळं टिपली, नंबर दिला, फोटो निघाले. १ जुलै २०२३ ला दुसरे पंतप्रधान, दुसरा पक्ष, आणि गाव मध्य प्रदेशातलं शहडोल. तिथं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन जाहीर झालं. १७ राज्यांतल्या ७ कोटी माणसांचं रक्त तपासायचं आणि २०४७ पर्यंत रोग संपवायचा. तपासणी जोरात झाली, हे नाकारत नाही. २०२५ च्या जुलैअखेर ६ कोटींवर लोकांचं रक्त तपासून झालं होतं. २ लाखांवर रोगी सापडले, १६ लाखांवर वाहक.

म्हणजे आधी बोटं मोजली, मग रक्त मोजलं. आता गोळी कोण बनवणार? कुठल्या कारखान्यात, कुणाच्या मालकीच्या? आणि ती धडगावच्या पाड्यावर दर महिन्याला पोचेल याची हमी कुणाची? हे कुणी विचारत नाही. मंत्री विचारत नाहीत हे समजू शकतं. आपण का विचारत नाही? मला भांडायचंय ते जास्त करून आपल्याशीच.

मी तळोद्याला औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. बाप शहादा तालुक्यात सालदार होता, मी डी. फार्मसी झालो, बाबासाहेबांची पुण्याई. दुकान माझं नाही, शेठचं. पण चिठ्ठी माझ्या हातात येते, आणि चिठ्ठीवरून माणसाचं सगळं कळतं. मोलगीच्या पलीकडून एक पावरा बाप येतो. "गोया उन्यात का भाऊ?" पायरीवरूनच विचारतो. पोरगं ६ वर्षांचं, वजन १४ किलो. चिठ्ठीवर हायड्रॉक्सियुरिया, दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम. आणि माझ्याकडं असते ती ५०० ची कॅप्सूल. तीही असली तर. हे औषध रक्ताच्या कॅन्सरलाही चालतं, त्यामुळं शहरातला होलसेलर ठेवतो. तालुक्याला दोन पत्ते मागवले की शेठ विचारतो, खपणार का रे?

बाप मला विचारतो, हिचे दोन भाग कसे करू? काय सांगू? कॅप्सूल उघडायची, पावडर पाण्यात कालवायची, मापानं अर्ध्याहून कमी पाजायची. ही पावडर उघड्या हातानं हाताळायची नसते. पोटुशी बाईनं तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. आणि त्याच्या घरात औषध कालवणारी त्याची बायको, सातवा महिना. मी कागदावर चित्र काढून दिलं, हातमोजे दिले, कालवायचं काम तूच कर म्हणालो. तो म्हणाला, मी उसाला गेल्यावर?

तर मुद्दा या एका प्रश्नापासून सुरू होतो. बाकीची चर्चासत्रं गेली खड्ड्यात.

ज्यांना रोगच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रक्तातली लाल पेशी गोल, मऊ. केसाहून बारीक नळीतनं वाकून निघून जाते. या रोगात तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. फरक एवढाच. पण प्राणवायू कमी झाला की ती पेशी ताठते, विळ्यासारखी वाकते आणि नळीत अडकून बसते. मागचं रक्त तुंबतं. मग हाडात अशी कळ मारते की मोठा गडी जमिनीवर लोळतो. तान्ह्या लेकरांचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे होतात, पाणथरी वाढते, तरुणपणी खुब्याचं हाड झिजून जातं. आई आणि बाप दोघांकडून तो बदललेला दुवा आला तर रोग. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. तो सहसा ठणठणीत असतो. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ धोका.

पेशी विळ्यासारखी कशानं वाकते? थंडी, तहान, ताप, अंगमोड कष्ट. आता ऊसतोड डोळ्यांपुढं आणा. दिवाळी झाली की सातपुड्यातली गावं ओस पडतात. लोक गुजरातेत जातात, घाटावर जातात. मुकादमाच्या वहीत माणूस नसतो, कोयता असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली, ती फिटेस्तोवर सुटका नाही. पहाटेच्या गारठ्यात फडात उतरायचं, पाणी मिळेल तेव्हा प्यायचं, ताप आला तरी मोळी डोक्यावर. या रोगाला चेतवायला जे जे लागतं ते सगळं मुकादम एका उचलीत पुरवतो. डॉक्टर लोक सांगतात की आपल्याकडचा सिकलसेल अरब-भारतीय प्रकारचा, आफ्रिकेतल्याहून सौम्य. आपल्या लोकांच्या रक्तात बालपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं म्हणून. शास्त्र म्हणून असेल खरं. पण सौम्य कुणाला? खुर्चीत बसून काम करणाऱ्याला की मोळी वाहणाऱ्याला? मध्य भारतात, नागपूरकडं, याच रोगाची तीव्र रूपं डॉक्टरांनीच नोंदवलीत.

हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे. या माणसानं सातपुड्यात येऊन वर्षानुवर्षं रक्त तपासलं. २०१९ ला पद्मश्री मिळाली, त्याच्या किती तरी आधीपासून. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००२ साली छापलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओटकर या जमातींत वाहकांचं प्रमाण शंभरात २० ते ३५ सांगितलंय. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि आपला नंदुरबार हे जास्त रोगी असलेले जिल्हे. यादी परत वाचा. नागपूर, भंडारा, चंद्रपूर. दीक्षाभूमी कुठं आहे दोस्तांनो?

नंदुरबारात आपले कार्यकर्ते बिनधास्त बोलतात, "तो आदिवासींचा रोग. त्यांच्या संघटना बघतील." मला चीड येते ती इथं. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये १९५८ सालीच लिहिलं. विदर्भातल्या महारांमध्ये, म्हणजे आजच्या बौद्धांमध्ये, हा रोग भरपूर आहे हे तिकडच्या प्रत्येक सरकारी दवाखान्याला ठाऊक आहे. माझी मावशी भंडाऱ्याकडं दिलेली. तिचा नातू धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दरसाल दीक्षाभूमीवर जायचा हट्ट धरतो आणि दरसाल गर्दीत, उन्हात, तहानेनं त्याला कळा सुरू होतात. मावशी त्याला "वात" म्हणायची, अंगाला तेल चोळायची. खानदेशातल्या आपल्या वस्त्यांत तो कमी आढळतो म्हणून तो परक्याचा झाला काय?

आणि बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्याला तर हा रोग डोळ्यांत भरायला पाहिजे. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचं मर्म पकडलं होतं. जातीतल्या जातीत लग्न, हेच ते मर्म. हा दुवा रक्तात आला तो मलेरियामुळं. वाहकाला मलेरियानं मरण्याची भीती कमी, म्हणून जंगलपट्ट्यात तो टिकला. जातीनं तो निर्माण केला असं कुणी म्हणू नये. पण पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुंपणात लग्नं लावून वाहकाची गाठ वाहकाशी घालण्याचं काम त्या कुंपणानं केलं. जात कागदावर असते, डोक्यात असते, आणि ती अशी अस्थिमज्जेतही जाऊन बसते.

म्हणून सरकारची घोषणा नीट ऐका. लग्नाआधी पत्रिका बघू नका, सिकलसेलचं कार्ड बघा. ऐकायला पुरोगामी वाटतं. पत्रिका गेली याचा आनंद मलाही आहे. पण ही घोषणा कुणाच्या गळ्यात पडते? वाहक पोरीच्या. पोराचं कार्ड खिशात राहतं, पोरीचं कार्ड गावभर होतं. शिवाय ही घोषणा सरकारला फुकट पडते. औषधाला पैसे लागतात, कारखाना लागतो, रक्ताची पुनःपुन्हा तपासणी लागते. लग्न मोडायला काय लागतं? २०४७ पर्यंत रोग संपवायचा म्हणे. रोग्याला जगवून संपवायचा का रोग्याचं जन्मणं थांबवून? याचं उत्तर मला गोळीच्या बजेटात दिसेल, भाषणात दिसणार नाही.

हे सगळं अमेरिकेत आधी होऊन गेलंय, आणि त्यातला एक धागा आपल्या घरचा आहे. १९७२ ला मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. नाव कुठून घेतलं सगळ्यांना तोंडपाठ. पण त्याच १९७१-७२ साली ओकलंडचे ब्लॅक पँथर काय करत होते? काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवून सिकलसेलसाठी रक्त तपासत होते. १९७२ च्या मार्चमधल्या त्यांच्या मोठ्या मेळाव्यात धान्याच्या पिशव्यांबरोबर हजारो लोकांची सिकलसेल तपासणी झाली. त्यांचं म्हणणं साधं: हा रोग काळ्यांचा म्हणून याच्यावर पैसा नाही, गोऱ्यांचा असता तर औषध निघालं असतं. निक्सनसारख्या माणसाला त्याच साली सिकलसेलचा कायदा करावा लागला. आपण पँथरची बंदूक बघितली, काळं जाकीट बघितलं, कविता बघितली. त्यांची रक्ताची नळी बघितली नाही. कवितेला माझं काही म्हणणं नाही, मीही लिहितो, भिकार लिहितो.

पण तिथलं पुढचंही बघा. कायदे झाले, काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, औषध मात्र नव्हतं. परिणाम काय? वाहक माणसांना, म्हणजे धडधाकट माणसांना, नोकऱ्या नाकारल्या, विमे नाकारले. हवाई दलाच्या अकादमीनं १९८१ पर्यंत वाहकांना दार बंद ठेवलं. औषधाशिवाय केलेली मोजणी ही अशी उलटते. नंदुरबारात लाखांनी कार्डं वाटून झाल्यावर कुठला मुकादम, कुठला सुरतेचा कारखानदार, कुठला भरतीवाला हे कार्ड मागणार नाही याची खात्री कोण देतं?

आता औषधाकडं. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन १८६९ सालचं. सिकलसेलमध्ये ते बालपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं, कळांचे झटके कमी होतात. १९९५ ला अमेरिकेत पुरावा आला, १९९८ ला तिथं मोठ्या माणसांसाठी मान्यता मिळाली. कुणाचं पेटंट आड येत नाही, कॅप्सूल दोन चहांच्या भावात पडते. दुसरं औषध त्याहून जुनं: पेनिसिलिन. या रोगात पाणथरी लवकर निकामी होते आणि लहान लेकराला साधा न्यूमोकॉकस जंतू एका रात्रीत घेऊन जातो. १९८६ ला अमेरिकेत छापून आलेल्या अभ्यासात लेकरांना दिवसातून दोनदा तोंडानं पेनिसिलिन दिल्यावर असे जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फरक एवढा स्पष्ट की अभ्यास ठरल्या वेळेच्या ८ महिने आधीच थांबवून सगळ्यांना औषध सुरू केलं. त्याशिवाय फॉलिक ॲसिड, वेदनेची औषधं, लस. यातलं एकही आकाशातून आणायचं नाही.

पेनिसिलिन म्हटलं की पुण्याच्या माणसाला पिंपरी आठवते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. लोकांच्या तोंडी एच.ए. कंपनी. १९५४ ला उभी राहिलेला या देशाचा पहिला सरकारी औषध कारखाना. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञ दिले, १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागलं. त्याआधी पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि पैसेवाल्याला मिळायचं. पिंपरीच्या प्रयोगशाळेनं पुढं हॅमायसिन नावाचं बुरशीवरचं स्वतःचं औषध शोधलं. सरकारी नोकर शोध लावत नाहीत असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला एवढं पुरे. १९७५ च्या हाथी समितीनं सांगितलं की औषधात सरकारी कारखान्यांनी पुढाकार घ्यावा. आणि याच्याही आधी, १९४७ ला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी मागितलं होतं की कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानंच चालवावेत. घटनेतच लिहून ठेवा म्हणाले, म्हणजे उद्याचं सरकार मोडू शकणार नाही. ऐकलं नाही.

मग काय झालं? सरकारनं जनतेसाठी भाव खाली ठेवले, कारखान्याला मात्र वाऱ्यावर सोडलं. आयात खुली झाली, चीनचं स्वस्त पेनिसिलिन आलं आणि या देशात पेनिसिलिन आंबवायच्या टाक्या एकामागून एक थंड पडल्या. १९९७ ला पिंपरीची कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. व्यवस्थापनात दोष नव्हते असं म्हणायला मी काही कुणाचा वकील नाही. २८ डिसेंबर २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ठरवलं की जादा जमीन विकून देणी फेडायची आणि मग कंपनीच विकायला काढायची. बरोबर कोलकात्याची बंगाल केमिकल्स. आयडीपीएल आणि राजस्थानची सरकारी औषध कंपनी तर बंदच करायची. २०१९ च्या जुलैत या कंपन्यांना मिळून ३३०.३५ कोटींचं कर्ज मंजूर झालं. कशासाठी? थकलेले पगार आणि स्वेच्छानिवृत्ती. माणसं घरी पाठवायला पैसे निघाले, औषध काढायला निघाले नाहीत. आणि गंमत बघा, पुढं सरकारलाच घाम फुटला की पेनिसिलिनसाठी चीनच्या तोंडाकडं बघावं लागतं. मग खाजगी कंपन्यांना प्रोत्साहन रक्कम जाहीर झाली, आणि २०२४ ला आंध्रात काकिनाड्याला खाजगी पेनिसिलिन कारखान्याचं उद्घाटन झालं. जे १९५५ ला पिंपरीत येत होतं ते ७० वर्षांनी खाजगी मालकाला पैसे देऊन परत शिकायचं!

कंपनी बुडाली की तिला वाचवायचं का, कुणी, कशासाठी, हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत ब्लूबर्ड बायो नावाची कंपनी. ८ डिसेंबर २०२३ ला तिच्या सिकलसेलवरच्या जनुक उपचाराला मान्यता मिळाली. किंमत ३१ लाख डॉलर, आपले २५ कोटींच्या वर, एका रोग्याचे. रोग्याच्या मूळपेशी काढायच्या, त्यात नवं जनुक घालायचं, परत चढवायच्या. शास्त्र थोर आहे, टोपी काढतो. पण एवढा भाव लावूनही कंपनी दिवाळखोरीच्या कडेला आली, आणि २०२५ ला दोन गुंतवणूक फंडांनी ती स्वस्तात उचलली. आता तिचं नावही बदललं. दुसरीकडं फायझरनं २०२२ ला ५४० कोटी डॉलरला सिकलसेलच्या गोळीची एक कंपनी विकत घेतली आणि रोगी दगावल्याचे आकडे आल्यावर २०२४ च्या सप्टेंबरात ती गोळी जगभरातून मागं घेतली. नायजेरियात तर गावठी वैद्यकीतून सरकारी संस्थेनं औषध काढलं होतं. ज्वारीची पानं, लवंग, आणखी दोन वनस्पती. ते एका अमेरिकन कंपनीकडं दिलं, २००६ ला बाजारात आलं, २००८ ला कंपनीनं दिवाळं काढलं. औषध किती गुणाचं होतं हा वाद बाजूला ठेवा. सरकारी संस्थेचं औषध परक्या मालकाच्या जमाखर्चाला बांधलं आणि त्याच्याबरोबर बुडालं.

आपल्याकडं काय वेगळं चाललंय? १९ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत सिकलसेलवरचा देशी जनुक उपचार जाहीर झाला. सरकारी संस्थेनं, जनतेच्या पैशानं केलेलं संशोधन. नाव काय ठेवलं? बिरसा १०१. उलगुलान करणाऱ्या बिरसाचं नाव बाटलीवर! आणि तंत्रज्ञान दिलं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला. त्या कंपनीशी माझं वैर नाही, लसी तिनं जगाला स्वस्तात दिल्यात. पण पिंपरीहून हडपसर लांब किती, बसच्या एका तिकिटाचं अंतर. सरकारचा स्वतःचा कारखाना तिथं असताना तो या चर्चेत कुणाच्या तोंडी तरी आला काय?

इथं आपले शहाणे मित्र म्हणतील, "मेलेल्या हत्तीला चारा कशाला? खाजगी कंपन्या हायड्रॉक्सियुरिया बनवतातच की, स्वस्तही देतात." बरोबर, देतात. पण स्वस्तपणा हाच या औषधांचा शाप आहे. ज्या गोळीत चार पैसे सुटत नाहीत ती बनवायला, साठवायला, डोंगरावर पोचवायला कुणी मोकळा नाही. लेकरांच्या पातळ औषधाचंच बघा. परदेशी बाटली ७० हजारांच्या घरात. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की देशी बाटली ४०५ रुपयांत येईल. पुढं एका खाजगी कंपनीनं ती ६०० च्या आसपास काढली. चांगलं झालं! दोन वर्षं झाली, माझ्या काउंटरवर ती मी एकदाही पाहिली नाही. शेठ म्हणतो मागणी नाही. मागणी पायरीवर उभी असते, खिशात उसाची उचल घेऊन, ती त्याला दिसत नाही.

मेलेल्या हत्तीचं म्हणाल तर त्याला जगवायचं ते औषधासाठी. हे मी मुद्दाम म्हणतोय, कारण पिंपरीच्या कंपनीबद्दल आजवर दोनच आवाज ऐकू आले. एक जमिनीचा. पिंपरीतला एकर काय भावानं जातो ते बिल्डरला विचारा. दुसरा नोकऱ्यांचा, तो आपला. सरकारी कारखाना विकला की राखीव जागा गेल्या, हे खरंय आणि त्यासाठी लढलंच पाहिजे. आपल्या किती घरांत पहिला पक्का पगार अशाच कारखान्यातून आला. पण आपण त्या कारखान्याकडं फक्त पगार म्हणून बघितलं. त्यातून निघणारी बाटली कुणाच्या लेकराच्या तोंडात जाते हे बघितलं नाही. म्हणून कारखाना बुडाला तेव्हा कामगार एकटे पडले. धडगावचा पावरा त्यांच्या बाजूनं उभा राहिला नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तो कारखाना त्याचा आहे.

जगवायचं कसं, हे ही अशक्य कोटीतलं नाही. २०१३ ला केंद्रानं धोरण केलं होतं की १०३ औषधं सरकारी खात्यांनी सरकारी कंपन्यांकडून घ्यावीत. तोच धागा पकडा. २ लाखांवर रोग्यांची यादी मिशनच्या कागदावर आहे. प्रत्येकाला रोज काय लागतं ते ठरलेलं आहे. लेकरांचं तोंडानं घ्यायचं पेनिसिलिन, १०० आणि २०० मिलिग्रॅमच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, फॉलिक ॲसिड. एवढी बांधलेली मागणी कुठल्या खाजगी मालकाला मिळाली असती तर त्यानं बँकेतून नाचत कर्ज आणलं असतं. ही मागणी ५ वर्षांच्या लेखी खरेदीनं पिंपरीच्या नावावर बांधा, पैसे वेळेवर द्या, जमीन विकायचीच तर तिचा पैसा आधी या यंत्रांत घाला. आणि गोळीबरोबर रक्ताच्या पेशी मोजायची सोय मोलगी, धडगाव, तोरणमाळला ठेवा, कारण हायड्रॉक्सियुरिया डोळे झाकून चालवता येत नाही. ऊसतोडीला निघताना चार महिन्यांचं औषध आणि तिकडं दाखवायची चिठ्ठी हातात असली पाहिजे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, तो दाखला आमच्या जिल्ह्यात कितीजणांच्या हातात आहे तेही विचारा.

यातलं काहीच आपण एकट्यानं मागायचं नाही. शहाद्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना भिल्ल सालदारांसाठी उभे राहिले तेव्हा माझा बाप त्यांच्या मोर्चात होता, निळी टोपी घालून. कुणी त्याला विचारलं नाही तू आदिवासी आहेस का. त्याची मजुरी वाढली ती त्या मोर्चानं. आता आपण पोरं शिकलो आणि आपला मोर्चा वेगळा, त्यांचा वेगळा. आरक्षणाच्या यादीत एस.सी. आणि एस.टी. शेजारी लिहिलेले असतात, जिल्हाधिकारी कचेरीत मात्र वेगवेगळ्या दिवशी जातात.

मी निवेदन लिहायला घेतलंय. एक प्रत जिल्हाधिकारी नंदुरबार, एक केंद्राच्या औषध खात्याला, एक पिंपरीच्या कामगारांना, कारण त्यांच्या गेटवर आपली सभा व्हायला पाहिजे आणि आपल्या सभेत त्यांचा माणूस. नागपूर-भंडाऱ्याच्या मित्रांनी तिकडच्या वस्त्यांतून सह्या गोळा कराव्यात. नुसत्या सह्या नकोत, सहीपुढं घरात सिकलसेलचा रोगी आहे का आणि गेल्या महिन्यात गोळी मिळाली का, एवढं लिहून घ्या, नाव न टाकता. पोरीबाळींचं कार्ड कुणाला दाखवू नका. मराठी मजकूर तयार आहे. पावरी आणि भिलोरीत मला जमत नाही. ज्याला जमतं त्यानं आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाच्या मागल्या बाजूला यावं, शेठ त्या वेळी जेवायला जातो.